लेखकाच्या खर्चाने निघालेले पुस्तक : एका प्रकाशनसेवेचे परीक्षण

पुण्यातील एका प्रकाशनसंस्थेकडून मी माझे पहिले पुस्तक काढून घेतले. संस्थेची ही सेवा ‘लेखक-सहभाग योजना’ या नावाने दिली जाते. पुस्तकाचा संपूर्ण खर्च लेखकाने करायचा आणि निर्मिती, छपाई व वितरण संस्थेने सांभाळायचे, असे तिचे स्वरूप आहे. अशा योजना आज पुण्या-मुंबईपासून कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगरपर्यंत सर्वत्र मिळतात आणि त्यांच्या अटी थोड्याफार फरकाने सारख्याच असतात, त्यामुळे या एका संस्थेचे नाव घेण्याचे कारण मला दिसत नाही. पैसे देऊन पुस्तक काढण्याच्या विचारात असलेल्या लेखकाला या सेवेत काय चांगले मिळते, कशाचे पैसे उगाच जातात आणि कोणत्या कागदावर सही करण्यापूर्वी थांबावे, हे तपशिलाने कळावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

माझे पुस्तक एसटीच्या मुक्कामी गाड्यांवर काम केलेल्या चालक-वाहकांच्या आठवणींचे आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढच्या काही दशकांत संध्याकाळी आगारातून निघून रात्री आडगावी थांबणाऱ्या आणि पहाटे शाळकरी पोरांना, दूधवाल्यांना, दवाखान्याच्या रुग्णांना घेऊन परतणाऱ्या गाड्यांनी ग्रामीण महाराष्ट्राचे सगळे वेळापत्रक ठरवले. त्या गाड्यांवरची माणसे आता निवृत्त आहेत, काही हयात नाहीत, आणि त्यांच्या रात्री कुठल्याही सरकारी अहवालात नोंदलेल्या नाहीत. त्यांना भेटणे, ध्वनिमुद्रणे उतरवून काढणे, जुन्या मार्गांची आणि वेळांची पडताळणी करणे, या कामात माझी अनेक वर्षे गेली. ज्या प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवले त्यांतील काहींनी ते वाचले, विषयाचे कौतुकही केले. परंतु पुस्तक खपणार नाही, असे सर्वांचे मत पडले. त्यामुळे मी या योजनेकडे वळले.

संस्थेने दिलेले दरपत्रक स्पष्ट आणि बाबवार होते, याबद्दल तिला पूर्ण गुण दिले पाहिजेत. डेमी आकार, १६८ पाने आणि ३०० प्रती असा हिशेब होता. अक्षरजुळणी पानाला ६० रुपयांप्रमाणे १०,०८० रुपये, मुद्रितशोधन पानाला २५ रुपयांप्रमाणे ४,२०० रुपये, मुखपृष्ठ ५,००० रुपये, ‘संपादकीय सेवा’ ६,००० रुपये, पुस्तकाची जगभर ओळख पटवणारा आयएसबीएन क्रमांक २,००० रुपये, आणि कागद, छपाई व बांधणी मिळून प्रतीला ९५ रुपयांप्रमाणे २८,५०० रुपये. एकूण ५५,७८० रुपये झाले आणि कर त्याहून वेगळा. प्रकाशन समारंभाचे १५,००० रुपये ऐच्छिक होते. ते मी घेतले नाही. या कागदावर संगणकचालकापासून बांधणीकारापर्यंत पुस्तकाला ज्या ज्या हाताचा स्पर्श होणार होता त्या प्रत्येक हाताची किंमत लिहिलेली होती. ज्या हाताने पुस्तक लिहिले त्याच्यासाठी मात्र रकाना नव्हता. संस्थेने तो मुद्दाम गाळला असे मला म्हणायचे नाही. लिहिणे हा लेखकाचा छंद आहे आणि छापणे हा खर्च आहे, अशी समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की दरपत्रक बनवणाऱ्याला तसा रकाना सुचतच नाही. या सेवेचे मूल्यमापन मी याच दृष्टीने करणार आहे, कारण तिच्यातील जवळजवळ प्रत्येक उणीव या समजुतीतून आलेली आहे.

आधी जे उत्तम मिळाले ते सांगते. या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मुद्रितशोधन. संस्थेने हे काम एका ज्येष्ठ बाईंकडे दिले होते आणि त्यांनी दोन वाचने केली. पहिल्या वाचनानंतर परत आलेल्या पानांवर ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा होत्याच, पण समासांत पेन्सिलीने विचारलेले प्रश्नही होते. तिसऱ्या प्रकरणात रात्री साडेनऊला गावात पोहोचणारी गाडी सातव्या प्रकरणात आठलाच कशी पोहोचते, असा एक प्रश्न होता. मी ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकली तेव्हा त्या दोन वेगवेगळ्या काळांतल्या फेऱ्या असल्याचे स्पष्ट झाले आणि मजकुरात तसा खुलासा घालता आला. दुसरा प्रश्न बोलीचा होता. माझ्या पुस्तकातील माणसे नगरी, मराठवाडी, खानदेशी अशा निरनिराळ्या बोलींत बोलतात. ‘व्हतं’, ‘गेल्तो’ अशी रूपे प्रमाण करायची की ठेवायची, हे त्यांनी आधी विचारले. कोणाच्या बोलण्यातील उच्चार दाखवायचे असतील तर उच्चाराप्रमाणे लिहावे, ही मुभा मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतच आहे. त्यामुळे रूपे ठेवायची असे ठरले. त्यानंतर बाईंनी प्रत्येक निवेदकाच्या बोलीतील वारंवार येणाऱ्या शब्दांचा तक्ता तयार केला, म्हणजे एकच माणूस एका पानावर ‘व्हतं’ आणि दुसऱ्या पानावर ‘होतं’ म्हणणार नाही. हे काम दरपत्रकातील ४,२०० रुपयांत बसणारे नाही. मुद्रितशोधकाच्या डोळ्यांना आणि भाषाज्ञानाला पानामागे २५ रुपये देऊन आपण पुस्तक ‘शुद्ध’ झाल्याचे समाधान मानतो, ही लेखकाच्या अवमूल्यनाचीच सख्खी बहीण आहे. पुस्तकाच्या श्रेयपानावर त्यांचे नाव यावे, हा माझा आग्रह संस्थेने मान्य केला. त्या पानावर मुद्रितशोधकाचे नाव छापण्याची या संस्थेत तोवर पद्धत नव्हती.

अक्षरजुळणीबद्दल मत मध्यम आहे. मी युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर संस्थेच्या जुन्या फाँटप्रणालीत रूपांतरित करण्यात आला आणि त्यात ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांसारखी जोडाक्षरे बऱ्याच ठिकाणी तुटली. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘फेऱ्या’ हे शब्द तर या पुस्तकात पानोपानी येतात. ती सर्व दुरुस्ती शेवटी झाली, परंतु ती बाईंच्या आणि माझ्या वेळातून झाली. आज मराठीत उत्तम युनिकोड फाँट उपलब्ध असताना आणि पानांची मांडणी करणाऱ्या आज्ञावली ते नीट हाताळत असताना रूपांतराचा हा फेरा टाळता येतो. सेवा घेणाऱ्याने पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारावा आणि नमुन्यादाखल दहा पाने जुळवून मागावीत.

मुखपृष्ठ करणाऱ्या तरुण चित्रकाराने आधी हस्तलिखित मागून घेतले, हे मला विशेष वाटले. त्याने गाडीचे चित्र टाळून मुक्कामाच्या गावातील देवळाच्या ओसरीवर ठेवलेली तिकिटांची पेटी काढली, आणि पुस्तक हाती घेणारा प्रत्येक निवृत्त वाहक प्रथम त्या पेटीवर बोट ठेवतो. ५,००० रुपये येथे सार्थकी लागले. छपाई स्वच्छ आहे, नॅचरल शेडचा कागद डोळ्यांना त्रास देत नाही, आणि साडेदहा फर्म्यांचे (फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेली सोळा पाने) पुस्तक असूनही दोरा-शिलाई केल्यामुळे ते पूर्ण उघडते. केवळ डिंकावर चिकटवलेली पुस्तके ग्रंथालयात वर्षभरात पाने सोडू लागतात, त्यामुळे शिलाईसाठी प्रतीमागे चार-सहा रुपये अधिक गेले तरी द्यावेत.

‘संपादकीय सेवा’ या नावाने घेतलेले ६,००० रुपये मात्र वाया गेले. संपादनात प्रकरणांचा क्रम, पुनरुक्ती, निवेदकांची ओळख करून देण्याची रीत, जागोजागी लागणारे संदर्भ यांवर चर्चा होईल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनुक्रमणिका तयार झाली, मलपृष्ठावरचा मजकूर लिहिला गेला आणि त्यातही पुस्तकात नसलेल्या एका आगाराचे नाव आले होते. खरे संपादन हे वाचणाऱ्या माणसाच्या वेळाचे काम आहे आणि या योजनेत त्या वेळासाठी जागाच ठेवलेली नाही. लेखकाने स्वतः पैसे भरले असल्याने त्याचे पुस्तक नाकारण्याचा किंवा त्याच्याशी वाद घालण्याचा प्रसंग संस्थेवर येत नाही. हे वरवर लेखकाच्या सोयीचे वाटते, परंतु ज्या पुस्तकाला कोणी ‘नाही’ म्हणू शकत नाही त्या पुस्तकाला ‘होय’ म्हणण्याचेही वजन राहत नाही. कसून केलेल्या संपादनाला नव्या लेखकाने दिलेली किंमत म्हणून ही रक्कम मी आनंदाने दुप्पट भरली असती.

आयएसबीएनचे २,००० रुपये हा आणखी एक वादाचा भाग. आपल्या देशात हा तेरा अंकी क्रमांक केंद्र सरकारच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतो. मी ते निदर्शनास आणल्यावर ही रक्कम अर्जप्रक्रियेचे शुल्क असल्याचे सांगण्यात आले आणि ती कायम राहिली. याच्या उलट एक गोष्ट संस्थेने चोख केली, तिचीही नोंद व्हावी. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील निर्धारित ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते. अनेक ठिकाणी हे राहून जाते. या संस्थेने प्रती वेळेत पाठवल्या आणि टपालाच्या पावत्या मला दाखवल्या. एखाद्या आडगावच्या वाहकाची आठवण देशाच्या ग्रंथालयात कायमची जमा होणे, ही माझ्या दृष्टीने या सगळ्या व्यवहारातील सर्वांत समाधानाची गोष्ट आहे.

आता करारनामा. मला आलेला मसुदा दीड पानाचा होता. त्यातील एका कलमानुसार पुस्तकाचे ‘सर्व प्रकारचे सर्व हक्क’ प्रकाशकाकडे जात होते. मुदत लिहिलेली नव्हती, प्रदेश लिहिलेला नव्हता, आणि श्राव्य पुस्तक, ई-पुस्तक, अनुवाद, नाट्यरूपांतर यांचा वेगळा उल्लेख नव्हता. कागदापासून बांधणीपर्यंतचा सगळा पैसा लेखकाचा असताना हक्क मात्र एकही पैसा न गुंतवणाऱ्याकडे जातात, हे मला कोणत्याही न्यायाने पटत नाही. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा येथे लेखकाच्या बाजूने बराच भक्कम आहे आणि प्रत्येक लिहिणाऱ्या माणसाने त्याचे एकोणिसावे कलम वाचलेले असावे. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीनेच वैध ठरते. त्यात कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरते आणि कोणत्या मोबदल्यात दिले हे नमूद करावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतरण भारतापुरते धरले जाते. शिवाय करारात वेगळे काही म्हटले नसेल आणि हक्क घेणाऱ्याने एक वर्षात त्यांचा वापर केला नाही, तर ते हस्तांतरण संपुष्टात येते. सत्तावन्नावे कलम तर असे आहे की हक्क देऊन टाकल्यानंतरही आपल्या कृतीचे कर्तेपण सांगण्याचा आणि तिची अप्रतिष्ठा होईल अशी मोडतोड रोखण्याचा लेखकाचा अधिकार शिल्लक राहतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत ज्याचे संरक्षण होते अशी ही मालमत्ता आहे. घराच्या भाडेकराराचे प्रत्येक कलम वकिलाला दाखवणारी आपली मध्यमवर्गीय कुटुंबे पुस्तकाच्या करारावर मात्र समारंभाच्या उत्साहात सही करतात, कारण पुस्तक ही मालमत्ता आहे असे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

मी दुरुस्त्या लिहून दिल्या तेव्हा व्यवस्थापकांनी त्या सौजन्याने ऐकून घेतल्या. “ताई, आजवर आमच्याकडे एवढं कोणी विचारलं नव्हतं,” असे ते म्हणाले आणि मला ते खरे वाटले. अखेर मुदत तीन वर्षांची झाली, हक्क फक्त मराठी छापील आवृत्तीपुरते राहिले आणि बाकीचे सर्व माझ्याकडे ठेवले गेले. म्हणजे मागितल्यावर देण्याची तयारी या संस्थेत आहे. नवखा लेखक मागू शकेल इतकी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मात्र ती घेत नाही.

मानधनाच्या कलमात बदल झाला नाही, आणि या सेवेतील सर्वांत गंभीर दोष तोच आहे. लेखकाला ‘निव्वळ प्राप्तीच्या १० टक्के’ मिळतील असे तेथे लिहिलेले आहे. मराठी प्रकाशनव्यवसायात छापील किमतीवर १० टक्के ही सर्वांना ठाऊक असलेली रीत आहे. प्रकाशक स्वतः खर्च करतो तेव्हा ती समजण्यासारखीही आहे. येथे आकडे मांडून पाहावेत. पुस्तकाची किंमत २५० रुपये आहे. वितरक आणि विक्रेता मिळून ५० टक्के सूट घेतात, म्हणजे संस्थेला एका प्रतीमागे १२५ रुपये मिळतात आणि त्यांतून लेखकाला साडेबारा. तीनशे प्रतींपैकी पन्नास माझ्याकडे आल्या. उरलेल्या २५० प्रती सगळ्या खपल्या तर मला ३,१२५ रुपये मिळतील आणि संस्थेकडे २८,१२५ रुपये राहतील. गुंतवणूक माझी, जोखीम माझी, मजकूर माझा, आणि विक्रीतून येणाऱ्या प्रत्येक दहा रुपयांतील नऊ दुसऱ्याचे. वितरणाचा खर्च संस्थेला आहे हे मी मान्य करते. गोदाम, वाहतूक, प्रदर्शनांतील गाळे आणि न खपता परत येणाऱ्या प्रती यांचा भार खरा आहे. परंतु तो भार मोजून त्याचे शुल्क घ्यावे आणि उरलेली रक्कम पैसे लावणाऱ्याला द्यावी, एवढा सरळ हिशेब या व्यवसायाला अवघड वाटू नये. विक्रीचे वार्षिक विवरण करारानुसार मार्चअखेरनंतर यायचे होते. ते आठवण केल्यावर आले आणि त्यात एकूण विक्रीचा एकच आकडा होता. कोणत्या वितरकाकडे किती प्रती गेल्या आणि किती परत आल्या, याचा तपशील नव्हता.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात साहित्यिक, कलाविषयक किंवा वैज्ञानिक पुस्तकांच्या लेखकांसाठी ‘८० क्यूक्यूबी’ हे कलम होते. त्यानुसार पुस्तकाच्या मानधनावर वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळे, आणि एकरकमी मोबदला नसेल तेव्हा विकलेल्या प्रतींच्या मूल्याच्या १५ टक्क्यांपर्यंतचे मानधन त्यासाठी विचारात घेतले जाई. कायदा करणाऱ्यांना लेखनातून तेवढे उत्पन्न मिळवणारा माणूस डोळ्यांपुढे आणता आला, ही चांगलीच गोष्ट आहे. प्रतीमागे साडेबारा रुपये मिळवणाऱ्या मराठी लेखकाला त्या मर्यादेपर्यंत पोहोचायला एका वर्षात २४,००० प्रती विकाव्या लागतील, आणि आज बहुतेक गंभीर मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या ३०० किंवा ५०० प्रतींच्या निघतात. पूर्वी हजार प्रतींची आवृत्ती ही सर्वसाधारण गोष्ट होती.

वितरणाबद्दल लिहिताना संस्थेला सर्व दोष देता येत नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये हजारोंच्या संख्येने आहेत आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार त्यांना अनुदान मिळते. ते अपुरे असते, उशिरा येते, आणि त्यातून पुस्तके घेताना ग्रंथपालाला अधिकाधिक सूट देणारा पुरवठादार शोधावा लागतो. जितकी सूट मोठी तितकी ‘निव्वळ प्राप्ती’ आणि तिच्यातील लेखकाचा वाटा लहान. ग्रंथालयात गेलेली एक प्रत पुढची दहा वर्षे शेकडो लोक वाचतात आणि त्या सर्व वाचनाचे लेखकाला एकदाच साडेबारा रुपये मिळतात. डेन्मार्कने १९४६ मध्ये आणि ब्रिटनने १९७९ च्या कायद्याने ग्रंथालयांतील वापरासाठी लेखकांना सरकारी निधीतून रक्कम देण्याची व्यवस्था केली. ब्रिटनमध्ये वाचकांनी नेलेल्या पुस्तकांच्या नोंदींवरून ती ठरते आणि वाचकाला काहीच भरावे लागत नाही. ज्या राज्याने गावोगावच्या वाचनालयांना कायद्याचा आधार दिला त्या राज्याला हे अशक्य नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा मलाही मनापासून आनंद झाला. तो दर्जा सिद्ध करताना आपण ‘गाथासप्तशती’पासून ‘लीळाचरित्रा’पर्यंतच्या लिखित ग्रंथांकडेच बोट दाखवले होते. त्या भाषेत आज लिहिणाऱ्याला आपल्या पुस्तकासाठी कर्ज काढावे लागू नये, अशी व्यवस्था हा त्या दर्जाचा स्वाभाविक पुढचा भाग मानला पाहिजे.

पुस्तक निघाल्यानंतरचा अनुभव हा सेवेचा भाग नसला तरी तिच्या मुळाशी काय आहे ते त्यातून कळते, म्हणून थोडक्यात सांगते. एका गणेशोत्सव मंडळाने मला पुस्तकावर बोलायला बोलावले. मांडववाला, ध्वनिक्षेपकवाला, छायाचित्रकार यांचे दर आधीच ठरलेले होते. मला शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ मिळाला, प्रेमाने मिळाला, आणि कार्यक्रमानंतर मान्यवरांना देण्यासाठी पुस्तकाच्या दहा प्रती मागण्यात आल्या. विकत मागितलेल्या नाहीत, हे ओघाने आलेच. नातेवाईक, सहकारी, शेजारी यांच्यापैकी बहुतेकांनी “आमची प्रत कधी?” असेच विचारले. यांत कोणाचा वाईट हेतू नव्हता, आणि म्हणूनच मला त्याचे अधिक वाईट वाटते. लिहिणाऱ्याचा मान राखायचा म्हणजे त्याचा सत्कार करायचा, हेच आपल्याला लहानपणापासून दिसत आलेले आहे. माझ्या पुस्तकात ज्यांची आठवण सर्वांत मोठी आहे ते निवृत्त वाहक काका मात्र पाच प्रतींचे पूर्ण पैसे मोजून घेऊन गेले. एक प्रत तरी त्यांना भेट द्यावी म्हणून मी आग्रह केला, तेव्हा ते म्हणाले, “म्या उभ्या जन्मात गाडीत बसलेल्या परत्येकाचं तिकीट फाडलं. तुमचं पुस्तक फुकट कसं घेऊ?” त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे आहे. पुस्तकाच्या व्यवहाराविषयी इतके नेमके आणि इतके न्याय्य वाक्य मी कोणत्याही साहित्यिक व्यासपीठावरून ऐकलेले नाही.

तेव्हा ही सेवा घ्यावी की नाही? ज्यांना आपल्या कुटुंबाचा इतिहास, प्रवासवर्णन किंवा कवितासंग्रह देखण्या रूपात, आप्तेष्टांपुरता हवा आहे आणि विक्रीची अपेक्षा नाही, त्यांनी निर्धास्तपणे घ्यावी. निर्मितीची गुणवत्ता पैशांच्या मानाने चांगली आहे. ज्यांचे पुस्तक वाचकांपर्यंत जावे आणि त्याचा हिशेब व्हावा असे वाटते, त्यांनी करारात तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नये. हक्क मर्यादित मुदतीचे आणि केवळ छापील आवृत्तीपुरते असावेत. खर्च लेखकाचा असल्यास विक्रीतील मोठा वाटा लेखकाचा असावा आणि वितरणाचे शुल्क आधी ठरलेले असावे. वितरकनिहाय विवरण सहा महिन्यांनी मिळावे. संस्थेने नकार दिला तर दुसरे मार्ग आहेत. ज्यांचे एकही पुस्तक निघालेले नाही त्यांच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या या मंडळाकडे अर्ज करण्याचा संकोच नव्या लेखकांनी बाळगू नये. आपला विषय या योजनेच्या वाङ्मयप्रकारांत बसतो का, हे त्या वर्षीच्या जाहिरातीवरून तपासावे. दुसरा मार्ग स्वतःच प्रकाशक होण्याचा. आयएसबीएन विनामूल्य मिळतो, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ आणि छपाई वेगवेगळ्या ठिकाणी करून घेता येते, आणि छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही. त्यात कष्ट अधिक आहेत, आणि विक्रेत्यांकडून वसुलीसाठी चिकाटी लागते.

मी स्वतः दुसऱ्या आवृत्तीसाठी हाच मार्ग ठरवला आहे. तीन वर्षांची मुदत संपताच हक्क परत घेण्याचे पत्र संस्थेला जाईल आणि पन्नास पानांचा नवा मजकूर त्या आवृत्तीत येईल. मुद्रितशोधनासाठी त्याच बाईंशी मी थेट बोलले आहे. पानाला ६० रुपये हा दर त्यांनी सांगितला आणि मी तो मान्य केला. ज्या चालक-वाहकांच्या आठवणी पुस्तकात आहेत त्यांना किंवा त्यांच्या वारसांना विक्रीतील निश्चित वाटा मिळेल, असा करारनामाही तयार होत आहे, आणि त्यात मुदत, प्रदेश व मोबदला या तिन्ही बाबी लिहिलेल्या आहेत.